आगोटीपूर्वी मुंग्यांचा बंदोबस्त

वैशाख सरत आला की कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत एकच घाई सुरू होते. कौले शाकारली जातात, सरपण पडवीत रचले जाते, तांदूळ, वाल, मीठ, मसाला, सुकी मासळी यांची चार महिन्यांची बेगमी होते. उल्हास आणि पाताळगंगा यांच्या खोऱ्यांत, सह्याद्रीच्या थेट पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला पाऊस म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. या तयारीला आपण 'आगोट' म्हणतो. परंतु आगोट भरणारे आपण एकटेच नसतो. आपल्या उंबऱ्याखाली, मोरीच्या कडेला, परसातल्या जास्वंदीच्या मुळाशी आणखी एक संसार चालू असतो. तो मुंग्यांचा. पाऊस त्यालाही चुकत नाही, आणि पावसात कोरडी जागा त्यालाही हवी असते.

मुंग्या घरात येऊ नयेत म्हणून काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या तर डबा उन्हात ठेवावा, त्यात सांगण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. तेवढेच असते तर आम्हीही हा विषय घेतला नसता. पण दोन गोष्टींमुळे तो क्षुल्लक राहत नाही. पहिली गोष्ट पाळण्याची. आषाढात भाताची लावणी सुरू झाली की घरातली कर्ती माणसे शेतात असतात आणि तान्हे मूल घरी पाळण्यात, नाही तर बांधावरच्या झोळीत असते. त्याच्या ओठांवर दुधाचा थेंब सुकलेला असतो. मोठ्या माणसाला मुंगी चावली तर तो ती झटकून टाकतो. तान्ह्या मुलाला झटकताही येत नाही आणि सांगताही येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची, उघडी जखम असलेल्या रुग्णाची गत हीच. दुसरी गोष्ट विषाची. मुंग्यांना कंटाळून आपण जे औषध शिंपडतो ते पुष्कळदा मुंगीपेक्षा अधिक घातक असते, आणि ते पडते नेमके मूल रांगते त्या जमिनीवर.

विषाची ही सवय आपल्या घरांत कशी आली, तेही थोडक्यात पाहण्यासारखे आहे. १९५३ साली हिवतापाच्या नियंत्रणासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि डी.डी.टी.ची फवारणी खेडोपाडी पोचली. ते डी.डी.टी. देशातच तयार व्हावे म्हणून १९५४ साली हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी निघाली. पुढे तिचा एक कारखाना आपल्या पाताळगंगेकाठी, रसायनीलाही उभा राहिला. त्या फवारणीने हिवताप पुष्कळ हटला, हे उपकार विसरण्याचे कारण नाही. परंतु किडा दिसला की पांढरी पूड टाकावी, ही सवय त्याच वाटेने घरात शिरली. गॅमेक्झिन या नावाने ओळखली जाणारी बी.एच.सी.ची पूड सर्रास वापरात आली. १९८९ साली शेतीत डी.डी.टी. वापरण्यास बंदी झाली, १९९७ साली बी.एच.सी.वरही बंदी आली. पुडीचे नाव बदलले, सवय मात्र राहिली. आज किराणा दुकानात मुंग्या मारण्याचा खडू मिळतो. दिसायला तो शाळेतल्या खडूसारखाच. पण त्यात पायरेथ्रॉइड जातीचे कीटकनाशक असते. घरातले पोर तो उचलून पाटीवर रेघा ओढू लागले तर नवल नाही.

तेव्हा विषाशिवाय भागते का, हे पाहिले पाहिजे. भागते; मात्र त्यासाठी मुंगी घरात का येते आणि कशी येते हे आधी समजून घ्यावे लागते.

मुंगी आपल्या घरात शत्रुत्वाने येत नाही. ती कामावर येते. बिळातून प्रथम निघते ती टेहळणी करणारी एकटीदुकटी मुंगी. ती इकडेतिकडे भटकत असते. गुळाचा खडा किंवा खोबऱ्याचा तुकडा सापडला की ती परत फिरते, आणि परत जाताना पोटाचे टोक जमिनीला टेकवीत एका रसायनाची बारीक रेघ सोडीत जाते. या रेघेच्या वासावर इतर मुंग्या येतात; ज्यांना अन्न मिळते त्या परतताना तीच रेघ पुन्हा गिरवतात. म्हणजे माल जितका चांगला तितकी वाट पक्की. अन्न संपले की गिरवणे थांबते आणि रेघ उडून जाते. अठराव्या शतकात शार्ल बॉने या स्विस निसर्गअभ्यासकाने मुंग्यांच्या रांगेवर आडवे बोट फिरवले, तेव्हा मुंग्या त्या जागी येऊन गोंधळल्या आणि घुटमळू लागल्या. ही रेघ मुंगीच्या शरीरात कोठे तयार होते ते १९५९ साली एडवर्ड विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवले. त्याने अग्निमुंगीच्या पोटातली एक सूक्ष्म ग्रंथी काढली, ती चिरडून तिच्या रसाची रेघ काचेवर ओढली, आणि मुंग्या त्या रेघेवरून भराभर चालत आल्या.

दुसरी ध्यानात घेण्याजोगी गोष्ट मुंगीच्या पोटाची. मोठी झालेली कामकरी मुंगी घन पदार्थ गिळू शकत नाही. ती रसच पिते. तिला दोन पोटे असतात असे म्हटले तरी चालेल. एक स्वतःचे, आणि दुसरे सगळ्या बिळाचे. या दुसऱ्या पोटात साठवलेला रस ती परत जाऊन इतरांच्या तोंडी घालते. साखरेचा रस कामकऱ्यांना लागतो. मांस, मासळी, मेलेले किडे असले पौष्टिक अन्न अळ्यांना आणि अंडी घालणाऱ्या राणीला लागते. म्हणूनच मुंग्या कधी साखरेवर तुटून पडतात, तर कधी साखर सोडून सुकटीच्या डब्याभोवती जमतात.

यावरून एक गोष्ट उघड होते. ओट्यावर दिसणाऱ्या मुंग्या म्हणजे त्या संसाराचा लहानसा भाग. राणी, अंडी, अळ्या आणि बहुतेक कामकरी आत असतात. दिसतील तेवढ्या मारल्या तरी बिळाला फारसा धक्का लागत नाही. उलट घरात आढळणाऱ्या बारीक पिवळ्या मुंगीच्या, तसेच काळे डोके आणि फिकट अंग असलेल्या चिमुकल्या मुंगीच्या बिळात एकाहून अधिक राण्या असतात. त्यांच्यावर फवारा मारला की वाचलेल्या मुंग्या एखादी राणी आणि थोडी पिल्ले घेऊन दुसरीकडे नवे बीळ मांडतात. एका जागेच्या मुंग्या घालवायला गेलो आणि चार जागी झाल्या, असा अनुभव पुष्कळांना येतो त्याचे कारण हे आहे.

सगळ्याच मुंग्या सारख्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. भारतात मुंग्यांच्या आठशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. घराला त्रास देणाऱ्या त्यांतल्या मोजक्याच. वेड्यासारखी नागमोडी धावणारी काळी मुंगी चावण्यापेक्षा लुडबूड अधिक करते. बांधावरची जळजळीत लाल मुंगी डंख मारते. तिची एक जात मूळची अमेरिकेतली असून जहाजांबरोबर जगभर पसरली आहे. मोठे काळे मुंगळे गोडासाठी येतात. आंब्याची पाने शिवून घरटे करणारी तांबडी मुंगी कडाडून चावते, पण ती झाडावरच राहते आणि झाडावरच्या किडींचा फडशा पाडते. चीनमध्ये इ.स. ३०४ चा मानला जाणारा एक वनस्पतिग्रंथ आहे. संत्र्याच्या बागेसाठी या मुंग्यांची घरटी बाजारात विकत असत, असे त्यात सांगितले आहे. बाहेरची मुंगी शेतकऱ्याची मजूर आहे. तिला घरात न येऊ देणे एवढेच आपले काम. तिचा वंश बुडवणे नव्हे.

आता आपल्या भागातले मुंग्यांचे वेळापत्रक पाहू. चैत्र-वैशाखात कर्जतला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मुंगी पाण्यासाठी येते. माठाखालची ओल, मोरीचा कोपरा, ठिबकणारा नळ ही तिची ठिकाणे. मृगाचा पाऊस कोसळला की जमिनीतली बिळे पाण्याने भरतात आणि मुंग्या तोंडात पिल्ले धरून उंच, कोरड्या जागी निघतात. आपले जोते ही त्यांना सापडणारी पहिली उंच जागा. दसरा-दिवाळीत उघाडी पडते, घरात गोडधोड होते, तेव्हा त्या अन्नासाठी येतात. पाणी, आसरा आणि अन्न या तीन कारणांपैकी कोणते कारण आज लागू आहे हे ओळखले तर अर्धा उपाय झाला. माठाखालच्या ओलीसाठी येणाऱ्या मुंगीपुढे साखरेचे डबे कितीही घट्ट लावले तरी ती यायची ती येणारच.

उपायांत पहिला मान भेगा बुजवण्याचा. जुन्या घराच्या कारवीच्या कुडाला आणि जमिनीला शेणमातीचे सारवण वरचेवर होत असे. त्यात शेणाच्या वासाचा गुण किती हे बाजूला ठेवले, तरी दर आठ-पंधरा दिवसांनी प्रत्येक चीर लिंपली जाई हा गुण निर्विवाद होता. आता सिमेंटची घरे आणि फरशा आल्या. फरशीच्या सांध्यांतली, चौकटीभोवतालची, मोरीच्या नळाभोवतीची फट वर्षानुवर्षे तशीच राहते. आगोटीच्या कामांत अर्धा दिवस या फटींना द्यावा. रांग कोठून निघते ते पाहावे, आणि ती जागा सिमेंटने, चुन्याने, काहीच नसेल तर साबणाच्या वडीने घासून बुजवावी. घराला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात, कारण त्या मुंग्यांचे पूल असतात. खिडकीजवळच्या जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण किंवा मावा असेल तर तो साबणाच्या पाण्याने धुवावा. या किडींच्या अंगातून पाझरणारा गोड रस हे मुंग्यांचे नित्याचे दूध आहे. आपल्याकडे हल्ली सुट्टीपुरती उघडणारी घरे पुष्कळ झाली आहेत. ती बंद करताना ओला कचरा आत ठेवू नये आणि विजेच्या बटणांच्या पेट्यांभोवतीच्या फटी बुजवाव्यात, कारण मुंग्यांना तेथे कोरडा आसरा मिळतो.

दुसरा उपाय वाट पुसण्याचा. रांग दिसली की तिच्यावर पाणी ओतण्याऐवजी साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ती पूर्ण पुसावी, अन्नापासून थेट भिंतीतल्या फटीपर्यंत. नुसत्या पाण्यापेक्षा साबणाचे पाणी बरे, कारण मुंग्यांची रेघ तेलकट द्रव्याची असते. व्हिनेगरही चालते. पण अन्न तेथेच ठेवून वाट पुसण्यात अर्थ नाही. तासाभरात दुसरी टेहळणी होते आणि नवी रेघ उमटते. आधी अन्न उचलावे, मग वाट पुसावी, मग फट बुजवावी. हा क्रम महत्त्वाचा.

तिसरा उपाय पाण्याच्या खंदकाचा. जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची रीत आपल्या आजीपणजींच्या काळापासून चालत आली आहे, आणि आजही तिच्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. मात्र तीन पथ्ये पाळावीत. कपाट भिंतीला टेकू देऊ नये, नाही तर खंदकाला वळसा घालून मुंगी भिंतीवरून येते. पाण्यावर धूळ, काडी साचू देऊ नये, कारण तिचाच पूल होतो. आणि पाणी दर तीन-चार दिवसांनी बदलावे. आठवड्यात त्याच वाटीतून डेंग्यूचे डास बाहेर पडतील. पाण्यात साबणाचे थोडे थेंब टाकले तर दोन्ही कामे साधतात. पाण्याचा पृष्ठताण मोडल्यामुळे मुंगी तरंगत नाही आणि डासांच्या अळ्याही जगत नाहीत. तरी पाणी बदलणे सोडू नये.

यानंतर हळद, मीठ, राख, खडूची भुकटी यांची पाळी येते. घरगुती उपाय विचारला की पहिले नाव हळदीचे निघते. कोरड्या बारीक पुडीवरून चालणे मुंगीला अवघड जाते. पायांना पूड चिकटते, वासाची रेघ झाकली जाते आणि ती वळते. हळदीचा वासही तिला फारसा मानवत नाही. पण हे सारे कोरड्या हवेत. आपल्याकडे आषाढात बरणीतले मीठ पाझरते, हळदीच्या गुठळ्या होतात, राखेचा लगदा होतो. अशा पुडीची रेघ म्हणजे नुसता डाग. मुंगी त्यावरून सुखाने जाते. घाटावरच्या घरात जे बारमाही चालते ते घाटाखाली दिवाळीपासून मेअखेरपर्यंतच चालते, हे लक्षात ठेवले तर 'आमच्याकडे हळदीचा गुण येत नाही' ही तक्रार राहणार नाही.

लवंग, दालचिनी, पुदिना, लिंबाची साल, कापूर हे वासाचे उपाय. यांतील तेले उडून जाणारी असल्याने उघड्यावर त्यांचा प्रभाव फार वेळ टिकत नाही. झाकणाच्या डब्यात मात्र टिकतो. म्हणून साखरेच्या डब्यात चार लवंगा टाकणे शहाणपणाचे, आणि ओट्यावर लवंगा मांडून ठेवणे व्यर्थ. कापूर मुलाच्या हाती लागू देऊ नये. पोटात गेल्यास त्याने झटके येतात. डांबरगोळ्या तर मुळीच नैसर्गिक नव्हेत, आणि रक्तातील विशिष्ट जन्मजात उणीव असलेल्या बालकांत त्यांच्या वासानेही रक्तपेशी फुटतात. बाळाच्या कपड्यांत त्या कधीही ठेवू नयेत.

इतके करूनही मुंग्या हटत नसतील तर शेवटचा उपाय आमिषाचा. १०० मिलिलिटर पाण्यात दोन चहाचे चमचे साखर आणि सुमारे १ ग्रॅम बोरिक पूड, म्हणजे सपाट चमच्याचा चौथा हिस्सा, विरघळवावी. या रसात कापसाचा बोळा भिजवून तो झाकणाच्या डबीत घालावा, झाकणाला बारीक भोके पाडावीत आणि डबी रांगेजवळ ठेवावी. मुंग्या तो रस दुसऱ्या पोटात भरून बिळात नेतात आणि राणीपर्यंत पोचवतात. पूड जास्त घातली तर गुण जास्त येईल ही समजूत चुकीची. तेज विषाने वाहून नेणारी मुंगी वाटेतच मरते आणि राणी सुखरूप राहते. दोन-तीन आठवडे धीर धरावा, आणि त्या काळात ती रांग पुसू नये, मोडू नये. बोरिक पूड खनिजापासून बनते म्हणून ती निरुपद्रवी आहे असे मात्र समजू नये. ती पोटात गेल्यास मुलांना विषबाधा होते. रांगते मूल असलेल्या घरात हा उपाय करूच नये; इतरत्रही डबीवर 'विष' असे लिहून ती उंच, बंद जागी ठेवावी. कॅरमच्या पुडीत बोरिक असेलच असे नाही, तेव्हा वेष्टनावर नाव वाचून घ्यावे.

आता पुन्हा पाळण्याकडे वळू. तेथे पूड नको, कापूर नको, आमिष नको. पाळणा असेल तर पायांखाली वर सांगितलेल्या पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. झोळी असेल तर मुंगी दोरीवरूनच उतरते. म्हणून मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर दोरीला एरंडेलात किंवा करंजेलात भिजवलेली चिंधी घट्ट गुंडाळावी आणि ती सुकली की पुन्हा भिजवावी. चिंधीतून तेल मुलावर ठिबकू नये इतपत पिळून घ्यावी. मच्छरदाणी जमिनीला टेकू देऊ नये. दूध पाजल्यावर तोंड, मान आणि हाताच्या मुठी ओल्या फडक्याने पुसाव्यात, दुधाळलेले दुपटे बदलावे. शेतावर झोळी बांधण्यापूर्वी त्या झाडावर पाने शिवलेली घरटी आहेत का ते वर पाहून घ्यावे. मुंगी चावलीच तर जागा साबणाने धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवावी. चेहरा सुजू लागला, श्वास अडखळू लागला, तर घरगुती उपचारांत वेळ न घालवता मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

आणखी एक खुलासा. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात, त्यांत मुंग्या असतात तशी वाळवीही असते. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे; वाळवीला कंबर नसते, मिशा सरळ आणि चारही पंख सारखे. आपण ज्याला वारूळ म्हणतो ते मातीचे शिखरही बहुधा वाळवीचेच बांधकाम. घरात पंखांचा सडा पडला आणि ते पंख सारख्या मापाचे असले, तर हळद-लवंग बाजूला ठेवून लाकूडकाम तपासावे. तो विकार वेगळा आणि त्याची चिकित्साही वेगळी.

या सगळ्यांतून निघणारी गोष्ट एकच आहे. मुंगी मारण्याने जात नाही. घरात येण्याचे तिचे कारण नाहीसे केले म्हणजे ती जाते. त्यासाठी पैसा थोडा लागतो, पण वेळ साधावी लागते. मृगाच्या आधी फटी बुजवणे आणि फांद्या छाटणे, पावसात पाण्याचे खंदक आणि साबणाचे फडके, उघाडी पडल्यावर हळद आणि राख, असा हा क्रम आहे. आगोटीच्या यादीत तांदूळ-मिठाखाली यंदा एवढे लिहून ठेवावे: थोडे सिमेंट, चार वाट्या, एक साबणाची वडी, आणि ज्या घरात पाळणा हलतो आहे तेथे एरंडेलाची एक लहान बाटली.